चेकवर सही कोणाची?

सामाजिक न्यायासाठी काम करणाऱ्या संस्थांच्या वार्षिक अहवालांत एक फोटो ठरलेला असतो. सतरंजीवर गोल करून बसलेल्या बाया, मध्ये पांढरा चार्ट पेपर आणि त्यावर स्केच पेन घेऊन ओणवी झालेली शहरातली एक तरुण मुलगी. खाली ओळ: ‘लाभार्थींच्या सहभागातून कार्यक्रमाची आखणी’. तुम्हीही हा फोटो पाहिला असणार. मग मला एवढंच सांगा, आखणी जर या बायांनी केली, तर प्रकल्पाचं बजेट सहा महिने आधीच मंजूर कसं झालं?

झालं ते असं. मुंबईत किंवा बंगळुरात कोणीतरी प्रपोजल लिहिलं. देणगीदारानं त्यातले आकडे खालीवर केले. तीन वर्षांची उद्दिष्टं ठरली, कर्मचारी नेमले गेले, गाडी भाड्यानं घेतली. आणि मग, पैशाचा पहिला हप्ता खात्यात पडल्यावर, निपाणी-संकेश्वरच्या वस्तीत माणसं पाठवून बायांना विचारलं गेलं की तुमच्या गरजा काय? मुलीचं लग्न ठरवून, तिथी काढून, कार्यालय बुक करून झाल्यावर तिला शालूचा रंग विचारण्यातला हा प्रकार आहे. आणि रंग विचारला म्हणून या लोकांना वर शाबासकी हवी असते!

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात काम करणाऱ्या एका संस्थेच्या अशा बैठकीला मी पूर्ण वेळ बसले आहे. संस्थेचं नाव घेत नाही, कारण नाव बदललं तरी बैठक तीच असते. खोलीत काही जोगतिणी होत्या, काही धंद्यातल्या बाया, काही बिड्या वळणाऱ्या. निम्म्यांना वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं त्यांना मराठी येत होतं. भरायचा फॉर्म होता कानडीत, चार्ट पेपरवरचे मथळे इंग्रजीत. लेखनाची एवढी हौस असलेल्या या माणसांना एकदाही वाटलं नाही की नुसतं तोंडानं बोलावं आणि कानानं ऐकावं.

तरीही बाया बोलल्या. भरभरून बोलल्या. एकीचं घर भावाच्या नावावर होतं आणि भाऊ आता तिला बाहेर काढत होता. एकीला देवदासींची पेन्शन मिळत नव्हती, कारण १९९३-९४ च्या सरकारी पाहणीत तिचं नाव नव्हतं आणि २००७-०८ च्या पाहणीच्या वेळी ती गावात नव्हती. कर्नाटकात तेव्हा या दोन याद्यांपैकी एकीतही नाव नसलं तर बाई देवदासी होती हेच सरकारला मान्य नसायचं. गळ्यातलं दर्शन, म्हणजे देवीच्या नावानं बांधलेली मण्यांची माळ, दाखवून उपयोग नव्हता. एकीच्या पोराच्या शाळेच्या फॉर्मवर बापाच्या नावाचा रकाना रिकामा होता आणि हेडमास्तर सगळ्या वर्गासमोर तो रकाना भरायला सांगत होता. आणि जवळजवळ सगळ्यांनी पोलिसांचं सांगितलं. कोण येतो, कितीला येतो, किती घेऊन जातो.

अहवालात काय आलं? ‘सहभागी महिलांनी उपजीविका-कौशल्यांची गरज व्यक्त केली.’ आणि वाटप झालं शिलाई मशीनचं.

शिलाई मशीन! आमच्या भागात स्त्रीउद्धाराचे सगळे रस्ते शेवटी शिलाई मशीनपाशी येतात. समाजकल्याण खात्याचा, रोटरीचा, परदेशी निधीचा, सगळ्यांचाच. एका गल्लीत पंधरा मशीन वाटताना एवढाही हिशेब कोणी करत नाही की ब्लाउज शिवून घेणारं गिऱ्हाईक येणार कुठून. मशीन वर्षभरात विकलं जातं, बाई निर्लज्ज ठरते, संस्था पुढच्या गावात जाते. पोलिसाबद्दल जे सांगितलं होतं त्याचं काय झालं? ते अहवालात घेतलं असतं तर संस्थेला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली असती. शिलाई मशीन वाटताना कोणाशी भांडावं लागत नाही. गरजांची यादी बाया सांगतात तशी बनत नाही; संस्थेला जेवढं झेपतं, जेवढं सुरक्षित वाटतं, तेवढंच त्यात उतरतं. मग त्याला सहभाग म्हणण्याचा निर्लज्जपणा कशासाठी?

आणि हा खेळ कुठं चालतो? आमच्या निपाणीत! ज्या गावाला आपली मागणी आपण करायला कोणी शिकवायची गरजच नाही, त्या गावात.

तंबाखूच्या वखारींत नाकातोंडाला पदर बांधून चाळणी मारणाऱ्या, दिवसभर खोकणाऱ्या बायांनी इथं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस संघटना उभी केली. प्रा. सुभाष जोशी पुढारी होते, चिकोडी तालुका कामगार महासंघ नावाचा संघ होता, पण मालकाच्या दारात बसलेल्या होत्या त्या बायाच. छाया दातार यांनी या बायांवर ‘वेजिंग चेंज’ हे अख्खं पुस्तक लिहिलं, १९८९ साली. १९८१ साली याच गावाजवळ तंबाखूचा शेतकरी शरद जोशींबरोबर पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ठाण मांडून बसला आणि पोलिसांच्या गोळ्या खाऊन मेला. देवदासींच्या परिषदा तर बाबा आढावांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठाननं १९७५ पासून गडहिंग्लजला सुरू केलेल्या. म्हणजे पन्नास वर्षं झाली. त्या काळात पावडर-लिपस्टिकसारखा ‘सहभाग’ चोपडायची पद्धत नव्हती. बाया सभेत उभ्या राहून बोलत आणि पुढाऱ्याला ते ऐकावं लागे, कारण वर्गणी बायांची होती. या एका गोष्टीवर सगळं फिरतं. वर्गणी ज्याची, त्याला उत्तर द्यावं लागतं. आज संस्थेची वर्गणी येते दुसरीकडून आणि उत्तरंही तिकडंच जातात.

मग कोणी म्हणेल, संघटनेची गोष्ट वेगळी, सेवा देणाऱ्या संस्थेची वेगळी. सेवा घेणाऱ्यानं सेवा कशी चालवायची हे ठरवणं व्यवहारात जमत नाही. जमत नाही? निपाणीपासून दोन दिशांना जा, दोन्हीकडं जमलेलं दिसेल.

उत्तरेला सांगली. १९९२ साली मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘संग्राम’ संस्थेनं एड्सच्या कामासाठी वेश्यावस्तीत पाऊल टाकलं. त्या वेळी सरकार आणि डॉक्टर मंडळींचा समज असा की या बाया म्हणजे रोगाचं कोठार. त्यांची तपासणी करा, नोंद करा, जमलं तर हलवा. संग्रामनं निरोध वाटायचं कामच बायांच्या हातात दिलं. कुठल्या गिऱ्हाइकाला कसं पटवायचं, कुठल्या घरवालीशी आधी बोलायचं, रात्री किती वाजता जायचं, यातलं कुठल्याही एमएसडब्ल्यूवाल्याला ओ की ठो कळत नव्हतं आणि बायांना सगळं ठाऊक होतं. चार वर्षांत, १९९६ साली, बायांची स्वतःची संघटना झाली: वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे व्हॅम्प. वस्तीतली भांडणं मिटवायला त्यांची तंटामुक्ती समिती झाली. काम सांगलीबाहेर पसरलं, सीमा ओलांडून निपाणीत आलं. निपाणीत या बायांच्या मुलांसाठी वसतिगृह उभं राहिलं, कारण आयांना मुलांची शाळा पाहिजे होती. शिलाई मशीन त्यांनी मागितलंच नव्हतं.

निपाणीनं त्यांचं स्वागत केलं असं कोणी समजू नये. २००२ च्या सुरुवातीला व्हॅम्पच्या बायांना इथं गुंडगिरीला तोंड द्यावं लागलं आणि पोलिसांनी बायांनाच छळलं. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ह्यूमन राइट्स वॉचनं एड्सचं काम करणाऱ्यांवरच्या पोलिसी छळाबद्दल जो अहवाल काढला, त्यात आमच्या गावाचं नाव जगभर गेलं. तंबाखूसाठी गेलं असतं तर नगरपालिकेनं कमान उभारली असती. या नावाची लाज मात्र गावातल्या एकाही प्रतिष्ठिताला वाटली नाही. या बायांनी रात्री कुठं असावं हे ठरवायचा हक्क आपला आहे असं या प्रतिष्ठितांना वाटत होतं. दिवसा त्या सभा घेतात, हे मात्र सहन होत नव्हतं.

पुढची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. २००३ साली अमेरिकेनं एड्ससाठी पैसा देणारा कायदा केला आणि त्यात अट घातली: पैसा घेणाऱ्या संस्थेनं वेश्याव्यवसायाला आपला विरोध आहे असं धोरण लिहून जाहीर करावं. जगभरच्या संस्थांनी सह्या केल्या. एक ओळ तर लिहायची, पैसा तर मिळतोय, कामच तर करायचंय, असा विचार करून केल्या. संग्रामनं २००५ साली अमेरिकेचा पैसा नाकारला. ज्या बायांच्या जोरावर काम उभं आहे, त्यांच्याच विरोधात कागद लिहून द्यायचा आणि मग त्याच कागदाच्या पैशातून त्यांना निरोध वाटायचे, हे त्यांना मान्य नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात सांगलीच्या गोकुळनगरात परदेशी उद्धारकांच्या पुढाकारानं पोलिसांचा छापा पडला. बायांची सुटका करायला आले होते, बायांना न विचारता. संग्राम-व्हॅम्पवर मग नाही नाही ते आरोप झाले.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ती अट रद्द केली, पण फक्त अमेरिकी संस्थांपुरती; त्यांच्या भाषणस्वातंत्र्याचा भंग होतो म्हणून. २०२० साली त्याच न्यायालयानं स्पष्ट केलं की परदेशी संस्थांना हे स्वातंत्र्य नाही. म्हणजे वॉशिंग्टनमधल्या कार्यालयाला मत असू शकतं आणि सांगलीतल्या बाईला नाही. या निकालावर जगभरच्या ‘सहभाग’वाल्यांनी आकाशपाताळ एक करायला हवं होतं. बहुतेकांनी पुढच्या कार्यशाळेची तारीख काढली.

खऱ्या सहभागाची माझी कसोटी इथूनच आली आहे. तुमच्या संस्थेत बायांच्या ‘नाही’मुळं कधी पैसा परत गेला आहे का? कधी प्रकल्प बंद पडला आहे का? कधी संचालकाला जावं लागलं आहे का? तीनही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या सतरंजीच्या फोटोला काडीची किंमत नाही. होकार तर कोणीही गोळा करतो. समोर चहा-पोहे आहेत, गाडीभाडं मिळणार आहे, बोलावणारी बाई गोड आहे. हो म्हणायला काय जातं?

आता दुसऱ्या दिशेला, चिकोडीवरून घटप्रभेला या. तिथं ‘मास’ आहे: महिला अभिवृद्धी मत्तु संरक्षण संस्था. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकच्या महिला विकास महामंडळानं मायराडा या संस्थेबरोबर बेळगाव जिल्ह्यात देवदासींसाठी प्रकल्प काढला. इतर हजार प्रकल्पांसारखा तोही मुदत संपल्यावर मेला असता. पण बाहेरच्यांनी तो बायांच्या हाती सोपवला आणि १९९७ साली पूर्वाश्रमीच्या देवदासींची स्वतःची संस्था झाली. सात वर्षांची असताना यल्लम्मा देवीला सोडलेली सीतव्वा जोडट्टी त्या संस्थेची प्रमुख झाली आणि २०१८ साली तिला पद्मश्री मिळाली. नव्या मुली सोडल्या जाऊ नयेत म्हणून गावागावांत पहारा ठेवणं या बायांना जमतं, कारण कुठल्या घरात पोरीच्या केसात जट निघाली म्हणून कुजबुज सुरू झाली, कुठं परडी बाहेर निघाली, हे त्यांना जिल्हाधिकाऱ्याआधी कळतं. देवदासी सोडण्यावर बंदीचा कायदा कर्नाटकनं १९८२ साली केला. तो कायदा गावात पोचवला कोणी? पोलिसांनी पोचवला असं मला कोणी सांगू नये.

इथं एक अडचण आहे, आणि ती मला फार आवडते. व्हॅम्पच्या बाया म्हणतात, धंदा आमचं काम आहे, आम्हाला कामगाराचा हक्क द्या, उद्धार नको. मासच्या बाया म्हणतात, ही रूढी मुळासकट गेली पाहिजे, आमच्या पोरी या वाटेला जायच्या नाहीत. दोघींत पुष्कळ जणी त्याच यल्लम्माच्या डोंगरावरून आलेल्या, त्याच जातींतल्या, पुष्कळदा त्याच तालुक्यातल्या. आणि उत्तरं दोन. शहरातल्या पंडितांची इथं पंचाईत होते. त्यांना ‘पीडितांचा आवाज’ हवा असतो, एकवचनी, स्वच्छ, अहवालाच्या पहिल्या पानावर चौकटीत टाकता येईल असा. दोन आवाज निघाले की ते विचारतात, यातला अस्सल कोणता? अहो, पुण्याच्या एका सोसायटीत पार्किंगवरून चार तट पडतात, तेव्हा अस्सल पुणेकर कोणता असं कोणी विचारत नाही! गरीब बाईनं मात्र एकमतानं बोलायचं. नाहीतर तिला अजून ‘जाणीवजागृती’ची गरज आहे असं ठरतं, आणि जाणीवजागृती करायला पुन्हा तुम्हीच हजर.

मला स्वतःला विचाराल तर मी मुली सोडण्याच्या विरोधात मासबरोबर आहे आणि धंद्यातल्या बाईच्या हक्कांच्या प्रश्नात व्हॅम्पबरोबर, आणि यात मला काडीचीही विसंगती दिसत नाही. लहान पोरीला देवीच्या नावानं विकणं गुन्हा आहे. तिशीतल्या बाईला ‘तुझं तुला कळत नाही’ म्हणून उचलून सुधारगृहात कोंडणं हाही अन्याय आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९ मे २०२२ च्या आदेशात धंद्यातल्या बाईला सन्मानानं जगण्याचा हक्क आहे, पोलिसांनी तिला छळू नये, तिला आधार कार्ड मिळावं, असं सांगितलं. हे तिथपर्यंत पोचलं ते बायांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं तगादा लावला म्हणून. चार्ट पेपरवरून कोणी कोर्टात गेलेलं नाही.

पण माझं मत इथं दुय्यम आहे. मुद्दा असा की दोन्ही संस्थांत मतं बदलायची तर बायांशी भांडावं लागतं. कारण सभासद त्या आहेत, निवडणूक त्यांची आहे, ठराव त्यांचा आहे.

याउलट बहुतेक ठिकाणी चालतं ते असं: नऊ जणांच्या कार्यकारिणीत एक ‘समुदाय प्रतिनिधी’. बैठक तीनशे मैलांवर, इंग्रजीत, कामाच्या दिवशी. कागदपत्रं आदल्या रात्री ईमेलवर. ती बाई गप्प बसते. मग आठ जण एकमेकांना सांगतात की तिची क्षमता वाढवायला हवी. क्षमता तुमची वाढवा! तिची भाषा शिका. बैठक तिच्या गावात घ्या. नऊपैकी पाच जागा द्या आणि मग बघा कोण गप्प बसतं ते.

आणि पैशाचं तर बोलायलाच नको असा शिष्टाचार आहे, म्हणून मी पैशाचंच बोलणार. बिडीची मजुरी हजारामागे मिळते. बाई दिवसभर तुमच्या बैठकीत बसली की तेवढ्या बिड्या वळायच्या राहिल्या, तेवढी मजुरी बुडाली. धंद्यातली बाई आली तर तिचीही तीच गत. त्याच खोलीत बसलेला सल्लागार दिवसाची फी घेतो, विमानाचं भाडं घेतो आणि हॉटेलात उतरतो. बाईला मिळतो वडापाव आणि हजेरीपत्रकावर अंगठा उठवायचा मान. तिच्याकडून माहिती घेतली, तिच्याकडून शहाणपण घेतलं, त्याच्या जोरावर पुढचं अनुदान मिळवलं आणि तिचा दिवस फुकट घेतला. वखारीचा मालक निदान आठवड्याला काहीतरी हातावर ठेवायचा.

सरकारनंही यात आपला हातभार लावला आहे. २०२० साली परदेशी देणग्यांचा कायदा बदलला आणि एका संस्थेनं आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली. प्रशासनावरच्या खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आणली. याचा फटका कोणाला बसला? दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्था आपापल्या परवान्यावर जगल्या. ज्यांच्याकडं परवाना मिळवायला वकील नाही, हिशेबनीस नाही, अशा बायांच्या छोट्या संघटनांकडं मोठ्यांमार्फत जो पैसा पाझरत होता तो तोडला गेला. आता मोठ्या संस्था हात वर करून सांगतात, आम्हाला द्यायचं होतं हो, पण कायदा आडवा येतो. परदेशी पैशाला येतो, हे खरं आहे. देशी पैशाला कुठं येतो? २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला देणं भाग पाडलं. त्यातला किती पैसा बायांनी चालवलेल्या, बायांनी निवडलेल्या कार्यकारिणीच्या खात्यात थेट जातो, हे आपापल्या जिल्ह्यातल्या संस्थेच्या दारात जाऊन विचारा. कंपनीला शाळेचा रंगवलेला वर्ग आवडतो, झाडं आवडतात, आणि शिलाई मशीन तर फारच आवडतं. धंद्यातल्या बायांची संघटना म्हटली की जनसंपर्क अधिकाऱ्याला घाम फुटतो.

राहिला शेवटचा आक्षेप, जो नेहमी खाजगीत, आवाज खाली आणून सांगितला जातो: बायांच्या हाती पैसा दिला की त्या आपसांत भांडतात, गट पडतात, कोणीतरी खातं. हो, भांडतात. खातही असेल कोणी. त्यासाठी ऑडिट असतं, सर्वसाधारण सभा असते, पुढची निवडणूक असते. विश्वस्तांची भांडणं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली असतात. तिथल्या फायलींतली नावं वाचा, सगळी शिकलेल्या, पांढरपेशा, आदरणीय माणसांची आहेत. त्यांच्या हातून कोणी चेकबुक काढून घेतलं नाही. त्यांची क्षमता वाढवायला कोणी चार्ट पेपर घेऊन गेलं नाही. पहिली सही त्यांची आणि दुसरीही त्यांचीच, हे कायम आहे. आमच्या जोगतिणींना, आमच्या बिडीवाल्यांना, धंद्यातल्या आमच्या बायांना तेवढीच चूक करायची मुभा आणि तेवढाच हिशेब द्यायची सक्ती मिळाली पाहिजे, आणि ती पुढच्या प्रकल्पात नको, याच आर्थिक वर्षात हवी.